इंदूरहून खंडव्याची मोठी लाईन जुन्या घाटातून का जात नाही?

इंदूरच्या मराठी घरांत, त्यातही ज्यांची सोयरिक खंडवा, भुसावळ, अकोला या बाजूला आहे त्यांच्याकडे, गेली काही वर्षं एक तक्रार हमखास ऐकू येते. महूहून घाट उतरून नर्मदेकडे जाणारी छोटी लाईन (मीटर गेज) 2023 च्या सुरुवातीला बंद झाली. तेव्हापासून अकोल्याला जायचं तर बऱ्हाणपूरमार्गे बस पकडा, नाहीतर भोपाळ-इटारसीचा वळसा घाला. रूळ होते, बोगदे होते, नर्मदेवर पूल होता. तेच रुंद करून मोठी लाईन (ब्रॉड गेज) टाकायला इतका वेळ कशाला हवा?

तक्रार खरी आहे आणि त्रासही खरा आहे. पण प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घाट एकच आहे आणि त्यातून बैल गेले, मोटार गेली, छोटी गाडी गेली, तशी मोठी गाडीही जाईल. प्रत्यक्षात या डोंगरात प्रत्येक वाहनाने आपापली वाट निवडली आहे. ती का निवडली हे कळलं की आजचा विलंब आणि वळसाही बराचसा उलगडतो.

आधी डोंगर समजून घेऊ

आपण इंदूरकर पठाराच्या काठावर राहतो, पण शहरात हे जाणवत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. महूपर्यंत जमीन जवळजवळ सपाटच. मग दक्षिणेला विंध्याची कड लागते आणि जमीन एकदम खाली जाते. मोरटक्क्याला नर्मदेचं पात्र 160 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे रेल्वेने महूपासून साठेक किलोमीटरच्या प्रवासात जवळपास 390 मीटर खाली उतरायचं, आणि त्यातला मोठा उतार एका छोट्या पट्ट्यात गोळा झालेला.

विंध्याचा उतार दोन्ही बाजूंना सारखा नाही. उत्तरेकडे तो इतका हळू आहे की महूजवळच्या जानापावला उगम पावणारी चंबळ तिकडेच निघून जाते. शिप्रा आणि कालीसिंधही उत्तरेलाच वाहतात. त्याच परिसरातली चोरल मात्र दक्षिणेची वाट धरते आणि पाताळपाणीला कड्यावरून सुमारे 300 फूट खाली कोसळते. पावसाळ्यात धबधबा बघायला जाणाऱ्यांनी तिथून दरीकडे नजर टाकली तर रेल्वेच्या इंजिनिअरांपुढचा सगळा प्रश्न समोर उभा असतो: वर माळवा, खाली निमाड, मध्ये काळ्या बेसाल्टचा तुटलेला कडा. दगड सह्याद्रीत आहे तोच, म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाला हा घाट ओळखीचा वाटतो.

बैलांची वाट वेगळी होती

रेल्वे यायच्या आधी या कड्यावरून माल चढायचा तो बैलांच्या पाठीवर. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन शेकडो बैलांसह फिरत. एका बैलाच्या पाठीवर साधारण क्विंटल-सव्वा क्विंटल ओझं. असा बैल खडी चढणही चढतो, कारण त्याला चाकं ओढायची नसतात आणि पाय कुठे टाकायचा हे त्याचं त्याला कळतं. त्याला लागतं पाणी आणि चारा. म्हणून तांड्यांच्या वाटा चढ किती यापेक्षा तळी, विहिरी आणि कुरणं कुठे आहेत यावर ठरत. पावसाळ्यात घाट बंद, दसऱ्यानंतर पुन्हा रहदारी.

महूहून मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरणारा जाम घाट ही अशीच जुनी वाट. घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा अहिल्याबाई होळकरांनी 1791 मध्ये बांधवला. आज तिथे तरुण मंडळी फोटो काढायला जातात, पण त्या दरवाज्याचं काम नीट समजून घेण्याजोगं आहे. अहिल्याबाईंची राजधानी खाली नर्मदाकाठी, महेश्वरला. राज्याचा सुपीक मुलूख वर माळव्यात. दोहोंमध्ये हा कडा. घाटमाथा ज्याच्या हातात त्याच्या नजरेखालून प्रत्येक बैल, प्रत्येक सांडणीस्वार जाणार. पहारा, जकात आणि वाटसरूला आसरा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी साधायच्या तर जागा हीच. माझ्या मते होळकरांचा कारभार समजून घ्यायला राजवाड्याइतकाच हा दरवाजा महत्त्वाचा आहे.

याच्या पश्चिमेला मानपूरकडून उतरणारी दुसरी वाट. मोगल काळात बऱ्हाणपूरहून मांडू-उज्जैनकडे जाणारे अकबरपूरला, म्हणजे आजच्या खलघाटच्या बाजूला, नर्मदा ओलांडत. पुढे इंग्रजांनी मुंबई-आग्रा रस्ता पक्का केला तो साधारण याच बाजूने. बैलगाडीला बैलाच्या पाठीपेक्षा सौम्य चढ लागतो, म्हणून रस्त्याने घाट बदलला. पूर्वेला सिमरोल आणि भेरूघाटातून खंडव्याकडे जाणारा रस्ता हा तिसरा.

इतका खटाटोप कशासाठी? मालासाठी. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. ती संस्थानांच्या जमिनीवर पिकायची, त्यामुळे कंपनी सरकारला शेतावर कर लावता येईना. मग त्यांनी परवाना काढला: इंदूरला पेटी तोलायची, शुल्क भरायचं आणि मगच ती मुंबईकडे न्यायची. एका पेटीत साधारण 140 पौंड अफू. 1843 मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीमार्गे चोरून माल नेण्याची वाट बुजली, आणि शुल्क वाढत वाढत 1847 मध्ये पेटीमागे 400 रुपयांवर गेलं. जोडीला कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. काळ्या जमिनीचा माळवा घाटाच्या वर होता, बंदर खाली. मधल्या कड्यावर प्रत्येक गाठोड्याचं भाडं वाढत होतं.

एक कोटीचं कर्ज

मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे खंडव्यावरून पुढे गेली आणि 1870 मध्ये जबलपूरला कलकत्त्याच्या लाईनला मिळाली. इंदूर या मुख्य मार्गापासून बाजूला राहिलं. त्या वेळी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं. अट एकच: खंडव्यापासून इंदूरपर्यंत रेल्वे बांधायची.

संस्थानिकाने इंग्रजांना रेल्वेसाठी पैसे द्यायचे हा उलटा व्यवहार वाटेल, पण त्यात पक्का हिशेब होता. तुकोजीरावांनी इंदूरला कापडगिरणी उभारायला घेतली होती. तिची अवजड यंत्रं घाटावर चढवणं म्हणजे काय हे त्यांच्या दरबाराला ठाऊक होतं. रेल्वे आली की गिरणीला कोळसा आणि यंत्रं मिळणार, कापूस आणि कापड बाहेर जाणार, शिवाय व्याज घरात येणार.

काम दक्षिणेकडून वर आलं. खंडवा ते सनावद 1874 मध्ये सुरू झालं. मोरटक्क्याला नर्मदेवरचा चौदा गाळ्यांचा पूल 1876 मध्ये खुला झाला. घाट पार करून 1878 मध्ये गाडी इंदूरला आली. ही होळकर स्टेट रेल्वे. पुढच्या दशकात ती राजपुताना-माळवा रेल्वेत सामील झाली, रतलाम-अजमेरकडून दिल्लीपर्यंत जोडली गेली, आणि स्वातंत्र्यानंतर खंडवा-अकोला-पूर्णा अशी दक्षिणेकडेही. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच घाटातून जायची. राजस्थान आणि हैदराबाद यांना जोडणारा धागा आपल्या पाताळपाणीच्या बोगद्यांतून ओवलेला होता.

चाळीसास एक म्हणजे काय?

आता थोडं गणित. घाबरायचं कारण नाही, भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

रेल्वेत चढ मोजतात तो असा: किती मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढतो. 40 मीटर पुढे आणि 1 मीटर वर, याला चाळीसास एकचा चढ म्हणायचं. पाताळपाणी ते काळाकुंड हा जवळजवळ दहा किलोमीटरचा घाट याच चढाचा आहे. इंजिनिअरांनी चोरलच्या दरीचा आधार घेतला, चार बोगदे खोदले, डोंगराच्या कुशीतून वळणावळणांनी लाईन उतरवली आणि दहा किलोमीटरमध्ये सुमारे 240 मीटर उंची गाठली.

चालणाऱ्या माणसाला हा चढ चढासारखाही वाटणार नाही. रेल्वेला मात्र तो जीवघेणा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतकं सहज घरंगळतं की सपाटीवर एक हजार टनांची गाडी चालती ठेवायला तीन-चार टनांची ओढ पुरते. हेच रेल्वेचं बळ आहे, म्हणूनच ती ट्रकपेक्षा स्वस्त पडते. पण चढावर गाडीचं वजनच तिला मागे खेचतं, आणि किती खेचतं हे चढाच्या आकड्यातच लिहिलेलं असतं. चाळीसास एकच्या चढावर एक हजार टन भागिले चाळीस, म्हणजे 25 टन. सपाटीच्या ओढीच्या सात-आठ पट! शिवाय ज्या गुळगुळीतपणामुळे सपाटीवर फायदा झाला तोच इथे आड येतो. पावसात रूळ ओले झाले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात.

म्हणून काळाकुंडला वर येणाऱ्या गाडीला मागून दुसरं इंजिन लावत. त्याला बँकर म्हणतात. दोन्ही इंजिनं पुढेच का लावत नसत? कारण मग सगळ्या गाडीचं वजन पहिल्या डब्याच्या जोडणीवर येतं आणि ती तुटण्याचा धोका असतो. मागून रेटा मिळाला की ताण वाटला जातो. इंजिन जोडेपर्यंत गाडी थांबायची, आणि तेवढ्यात पानांच्या द्रोणातला काळाकुंडचा कलाकंद डब्यात यायचा. ज्यांनी तो खाल्ला आहे त्यांना हा थांबा तांत्रिक होता हे सांगावं लागतं.

उतरताना धोका जास्त. चढताना इंजिन कमी पडलं तर गाडी थांबते, उतरताना ब्रेक कमी पडला तर ती थांबत नाही. म्हणून वरून येणारी गाडी घाटात शिरण्याआधी पाताळपाणीजवळ थांबवून ब्रेक तपासले जात. तिथेच टंट्या मामांचं ठाणं आहे. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लांना 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी दिलं, आणि त्यांचा देह इथे आणून टाकला असं लोक सांगतात. गाडी मामांना सलामी द्यायला थांबते ही निमाडातली श्रद्धा, ब्रेक तपासायला थांबते हे रेल्वेचं उत्तर. थांबा दोघांनीही पाळला, आणि मला त्यात काहीच विरोध दिसत नाही.

मग तीच लाईन रुंद का केली नाही?

छोट्या लाईनच्या दोन रुळांत 1 मीटरचं अंतर असतं, मोठ्या लाईनच्या रुळांत 1.676 मीटर. फरक फक्त अंतराचा असता तर बोगदे थोडे कोरून काम भागलं असतं. खरा फरक वजनाचा आणि वळणाचा आहे.

छोटी गाडी आखूड वळण घेऊ शकते. भारतीय रेल्वेच्या नियमांत तिला 109 मीटर त्रिज्येपर्यंतचं वळण चालतं, मोठ्या गाडीला 175 मीटरच्या आतलं चालत नाही, आणि नव्या लाईनवर वळण याहून खूपच मोकळं ठेवतात. डोंगराच्या कुशीत बसवलेली जुनी वळणं मोकळी करायची म्हटलं की लाईन एकतर डोंगराच्या पोटात शिरते, नाहीतर दरीवर लटकते. मग जुनी लाईन उरतेच कुठे?

वजनाचं पाहू. आजची भरलेली मालगाडी साडेचार हजार टनांच्या पुढे जाते. 4,700 टन धरा. चाळीसास एकच्या चढावर नुसत्या वजनाने ती 117 टनांनी मागे ओढली जाईल. आजचं ताकदवान विजेचं इंजिन सुटताना साधारण पन्नास टनांची ओढ देतं. म्हणजे प्रत्येक गाडीला तीन इंजिनं लागणार. चढ दीडशेस एक केला तर ही मागची ओढ 31 टनांवर येते.

पण मग लांबी वाढणार. तेच 240 मीटर दीडशेस एकने उतरायचे तर 240 गुणिले 150, म्हणजे 36 किलोमीटर. दहा किलोमीटरच्या घाटाच्या जागी छत्तीस! भरलेली हातगाडी ओढणारा माणूस चढावर सरळ न जाता या कडेकडून त्या कडेकडे नागमोडी जातो, तसंच हे. नवी मोठी लाईन पाताळपाणी ते बलवाडा या टप्प्यात जुन्या घाटापासून दूर, लांब वळसा घालून आणि मोठे बोगदे खोदून आखली आहे ती याचसाठी.

बोर घाटात मोठी लाईन चढतेच की!

हा आक्षेप योग्य आहे. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या दोन्ही घाटांत सदतीसास एकचा चढ आहे, आपल्या घाटापेक्षाही खडा, आणि तिथे दीडशेहून अधिक वर्षं मोठ्या लाईनच्या गाड्या चालल्या आहेत. पण कर्जतला थांबून बँकर लागताना पाहिलं असेल तर त्याची किंमतही पाहिली आहे. वेळ, वीज, इंजिनं, माणसं, आणि उतरताना कडक वेगमर्यादा. मुंबई-पुण्याची रहदारी इतकी मोठी आहे की रेल्वे तो भार सोसते. नवी लाईन बांधताना जाणूनबुजून तोच भार पुढच्या शंभर वर्षांसाठी अंगावर घेणं शहाणपणाचं नाही. लांब पण सौम्य लाईनवर गाडी न थांबता, एका दमात, बऱ्या वेगाने जाते. प्रवाशाला किलोमीटर जास्त पडतील, हे खरं. मालगाड्यांना मात्र हा मार्ग पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने उघडेल.

तेव्हा आठ वर्षं, आता इतकी का?

1870 ते 1878 या आठ वर्षांत पूल आणि घाट मिळून अख्खी लाईन झाली, हे आठवून राग येणं साहजिक आहे. पण तेव्हा एकेरी छोटी लाईन होती, आखूड बोगदे होते, आणि जंगल तोडायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. आज 1980 च्या वन संरक्षण कायद्याखाली जंगलाच्या जमिनीला केंद्राची परवानगी लागते, आणि चोरलच्या दरीतलं जंगल पाहिलं तर लागायलाच हवी असंच मी म्हणेन. पलीकडे खंडवा-अकोला टप्प्यात, सातपुड्यात, हाच पेच मेळघाटात आला. धूळघाटजवळ रूळ वेटोळं घेऊन स्वतःलाच ओलांडत तो फेरा अनेकांना आठवत असेल. मोठी लाईन मात्र व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून नेण्याचं ठरलं. म्हणून अकोल्यापर्यंतची सलग जोडणी विंध्य आणि सातपुडा या दोन डोंगरांत अडकली आहे, एकट्या पाताळपाणीत नव्हे.

तरीही माझा एक आक्षेप शिल्लक राहतो. लाईन बंद करताना मधल्या काळात लोकांनी जायचं कसं याचा विचार झाला नाही. 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमीला, महूला, विदर्भातून येणाऱ्या अनुयायांना ही सरळ आणि स्वस्त लाईन होती. ओंकारेश्वरला जाणारे, बेडियाची मिरची घेऊन येणारे, खंडव्याला नोकरीला जाणारे, सगळे एका झटक्यात रस्त्यावर आले. आणि त्या रस्त्यावर भेरूघाटातली कोंडी. या इंदूर-इच्छापूर रस्त्यासाठीही बोगदे खोदण्याची वेळ आली, त्याचं कारण तोच कडा.

मनमाडची लाईन होणार आहे, मग खंडव्याची कशाला?

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने इंदूर-मनमाड लाईन मंजूर केली. लांबी 309 किलोमीटर, खर्च 18,036 कोटी, 30 नवी स्थानकं. ती धार, खरगोन, बडवानी, धुळे या जिल्ह्यांतून, म्हणजे ढोबळमानाने जुन्या आग्रा रोडच्या अंगाने जाईल. सेंधवा, ठीकरी, धामनोद या गावांनी आजवर रेल्वे पाहिलेली नाही. मुंबई-नाशिकला जायला इंदूरकरांना हा सर्वांत सरळ मार्ग ठरेल.

पण दोन्ही लाईनची कामं वेगळी आहेत. मनमाडची लाईन आपल्याला नैर्ऋत्येला, मुंबई आणि बंदरांकडे नेते. खंडव्याची लाईन सरळ दक्षिणेला, अकोला, पूर्णा, नांदेड, हैदराबादकडे. नांदेडच्या पाहुण्याला मनमाडचा वळसा घ्यायला लावणं म्हणजे आज भोपाळचा घेतो तसाच प्रकार. मनमाडच्या लाईनलाही विंध्याची कड उतरायची आहे आणि नर्मदा ओलांडून सेंधव्याच्या बाजूला सातपुडा चढायचा आहे. ज्यांना ही लाईन लवकर हवी आहे त्यांनी मंजुरीच्या आकड्यांपेक्षा मानपूर आणि सेंधवा या दोन टप्प्यांतल्या बोगद्यांच्या निविदा कधी निघतात, जंगलाची परवानगी कधी मिळते, याकडे लक्ष ठेवावं. सपाटीवरचे रूळ वर्षा-दोन वर्षांत पडतात. या दोन टप्प्यांची तारीख हीच इंदूरहून मनमाडला पहिली गाडी सुटण्याची तारीख असणार आहे.